डिस्चार्ज समऱ्यांतून मधुमेही रुग्ण शोधायचे आहेत : सीटेक्स कमांड लाइनवर चालवणाऱ्यांची मदत हवी

रावपुरा_रेकॉर्ड | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मी काम करते. आमच्याकडे गेल्या ६ वर्षांच्या डिस्चार्ज समऱ्या टाइप केलेल्या आहेत, प्रत्येक रुग्णाची वेगळी टेक्स्ट फाइल. आमच्या सर्जन मॅडम मधुमेहींच्या पायांच्या तपासणीचा कॅम्प घेणार आहेत, आणि त्यासाठी मधुमेह असलेल्या प्रत्येक जुन्या रुग्णाला फोन करायचा आहे. आजाराच्या कोडचा रकाना अर्ध्या समऱ्यांत रिकामा आहे. म्हणजे मजकूर वाचूनच शोधणं आलं, आणि सगळ्या फाइली हाताने वाचायला माणसं नाहीत.

कॉम्प्युटर विभागातल्या एका सहकाऱ्याने जुन्या मशीनवर उबंटू टाकून सीटेक्स बसवून दिलं. अमेरिकेतल्या मायो क्लिनिक या रुग्णालयात २००६ साली सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर आता अपाची या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेकडे आहे, जावावर चालतं आणि फुकट मिळतं. डॉक्टरांच्या नोंदीतून आजार, लक्षणं, औषधं, शस्त्रक्रिया आणि शरीराचे भाग वेगळे काढून प्रत्येकाला यूएमएलएसचा, म्हणजे वैद्यकीय शब्दांच्या एका मोठ्या कोशाचा, क्रमांक लावतं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनकडे नाव नोंदवून तो कोश वापरायची चावी (एक सांकेतिक अक्षरमाला) मी स्वतः घेतली. क्लिनिकल पाइपलाइनची, म्हणजे या सगळ्या पायऱ्या ओळीने चालवणारी, स्क्रिप्ट टर्मिनलवरून चालवली: डॅश-आय देऊन समऱ्यांचं फोल्डर, मग निकालाचं फोल्डर, शेवटी चावी. रात्रभर चाललं. सकाळी निकालाच्या एक्सएमआय फाइली तयार होत्या. त्यांत ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने मधुमेहाचा क्रमांक सी००११८४९ शोधला आणि यादी काढली.

यादी फारच लहान आली. मी आकडेतज्ज्ञ नाही, पण आमच्या खिडकीवर रोज कोण येतं ते मला माहीत आहे. जवळच्या पादरा गावाहून दर मंगळवारी ड्रेसिंगला येणारे एक आजोबा यादीत नाहीत. त्यांची फाइल उघडली. पहिल्याच ओळीत आहे: ‘के/सी/ओ डीएम सिन्स १५ इयर्स, एचटीएन सिन्स ८ इयर्स’. म्हणजे १५ वर्षांपासून मधुमेह (डीएम) आणि ८ वर्षांपासून ब्लडप्रेशर (एचटीएन) असलेला रुग्ण. प्रोग्रामने त्यांचं ब्लडप्रेशर पकडलं आणि मधुमेह सोडला. एकाच ओळीतला एक शब्द दिसतो आणि दुसरा दिसत नाही, हे कसं?

सूरसागर_टर्मिनल | सोमवार, रात्री १०:२५

ताई, डीएम ही दोनच अक्षरं आहेत, म्हणून. सीटेक्सचा कोशशोध तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द मुळात शोधतच नाही. ती मर्यादा सेटिंगमध्ये आहे, मिनिमम स्पॅन नावाची, आणि न बदलल्यास ३ असते. एचटीएन तीन अक्षरी म्हणून बचावलं. कुठेही एरर येत नाही, लॉगमध्ये ओळ येत नाही, त्यामुळे कळायला मार्ग नसतो. तुम्हाला आजोबा आठवले म्हणून कळलं.

मर्यादा २ करता येते, पण मी ती वाट घेणार नाही. एक तर सोबत येणाऱ्या कोशात प्रत्येक दोन अक्षरी संक्षेप असेलच असं नाही. आणि असला तर त्रास वाढतो. आपल्याकडे औषधापुढे ओडी लिहिलं की दिवसातून एकदा. नेत्रविभागात ओडी म्हणजे उजवा डोळा. आणि अमेरिकेतल्या कॅज्युअल्टीत ओडी म्हणजे औषधाचा अतिरेक.

त्यापेक्षा पाइपलाइनच्या आधी एक पायरी घाला. सेड या शब्द बदलणाऱ्या कमांडने डीएमच्या जागी पूर्ण शब्द, डायबेटिस मेलिटस, लिहा. शब्दाची सीमा सांगायला विसरू नका, म्हणजे मागेपुढे बॅकस्लॅश-बी, आणि लहान-मोठं अक्षर एकच समजायला सांगा. बदललेल्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मूळ फाइलीवर सेड कधीही थेट चालवू नका. सीटेक्स प्रत्येक शब्दाची जागा अक्षरं मोजून सांगतं, ती जागा बदललेल्या प्रतीतली असते. मूळ समरीत ती जुळणार नाही. दोन्ही प्रती जपा.

आणखी एक. सी००११८४९ हा मधुमेहाचा सर्वसाधारण क्रमांक आहे. टाइप २ चा सी००११८६० आणि टाइप १ चा सी००११८५४, हे वेगळे. समरीत ‘टाइप २ डायबेटिस’ असं नीट लिहिलेलं असेल, तर सीटेक्स वेगळा क्रमांक लावतं आणि तुमचा ग्रेप त्याच्या शेजारून निघून जातो. तिन्ही शोधा.

अलकापुरी_फिजिशियन | मंगळवार, सकाळी ७:५०

थांबा! सेड चालवण्याआधी हे वाचा. डीएम ही पदवीसुद्धा आहे. एमडीनंतर हृदयरोग, मेंदूविकार, किडनी अशा विषयांत सुपरस्पेशालिटी केलेले डॉक्टर नावापुढे डीएम लावतात, आणि ते नाव समरीच्या तळाशी सहीखाली असतं. सरसकट डीएम बदललंत तर कार्डिऑलॉजीचा प्रत्येक रुग्ण मधुमेही होईल.

रावपुरा_रेकॉर्ड | मंगळवार, दुपारी १:१५

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद मी आत्ता जेवणाच्या सुट्टीत वाचला. सेड काल रात्रीच चालवलं होतं. अगदी तसंच झालं. अँजिओप्लास्टी झालेले सगळेच्या सगळे यादीत आले आणि मला कारण सापडेना. सकाळपासून जिवाला लागलं होतं.

आता सहीचा भाग आधी कापते आहे. आमच्या समऱ्यांत ‘कन्सल्टंट’ने सुरू होणारी ओळ ठरलेली असते, तिच्यापासून पुढचं सगळं सेडने काढलं. काही जुन्या फाइलींत ती ओळ नाही, त्या ग्रेपने वेगळ्या काढल्या आणि हाताने बघते आहे. फार नाहीत.

मकरपुरा_जीआयडीसी | मंगळवार, दुपारी ३:०५

एक शंका. चावी अमेरिकेच्या सरकारी लायब्ररीची. मग रुग्णांच्या नोंदी तिकडे जातात का? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाल्यापासून आमच्या कंपनीत या गोष्टीवर फार काटेकोर असतात.

सूरसागर_टर्मिनल | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

नोंदी जात नाहीत. सुरू होताना प्रोग्राम फक्त चावी खरी आहे का ते विचारतो, म्हणून त्या क्षणी इंटरनेट लागतं. मजकुराचं काम सगळं तुमच्याच मशीनवर होतं.

मात्र चावी कमांडमध्ये उघडी लिहू नका. शेलच्या हिस्टरीत ती राहते, आणि प्रोग्राम चालू असेपर्यंत त्या मशीनवर लॉगिन असलेल्या दुसऱ्या कुणालाही पीएस कमांडने दिसू शकते. चावी एका फाइलीत ठेवा, ती फाइल फक्त तुम्हाला वाचता येईल अशी परवानगी द्या, आणि तिथून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घ्या. चावी तुमच्या नावावर आहे, रुग्णालयाच्या नाही.

चावीपेक्षा मला काळजी निकालाच्या फोल्डरची वाटते. एक्सएमआय फाइलीत समरीचा पूर्ण मजकूर जसाच्या तसा असतो, नाव-पत्त्यासकट. लोक मूळ फोल्डरला कुलूप लावतात आणि निकाल पेन ड्राइव्हवर घेऊन फिरतात. काम झालं की मधल्या प्रतीही पुसा.

ग्वाल्हेर_लष्कर | मंगळवार, रात्री ८:१०

एवढा खटाटोप कशाला? एआयच्या चॅटमध्ये समरी चिकटवा आणि विचारा मधुमेह आहे का.

अलकापुरी_फिजिशियन | मंगळवार, रात्री ८:४५

रुग्णाने त्याची परवानगी दिलेली नाही, म्हणून. त्याच्या पोटातलं दुखणं त्याने आमच्यावर विश्वास ठेवून सांगितलेलं असतं. रुग्णालयाच्या आत, स्वतःच्या मशीनवर असं मॉडेल चालवत असाल तर वेगळी गोष्ट. तरीही इथे मला सीटेक्ससारखी नियमांची आणि कोशाची वाट आवडते. तीच फाइल, तीच सेटिंग्ज, तर निकाल उद्याही तोच. चुकलं तर कुठल्या पायरीवर चुकलं ते बोट ठेवून दाखवता येतं. डीएमचं एका रात्रीत सापडलं ना.

रावपुरा_रेकॉर्ड | बुधवार, रात्री १०:००

नवीन अडचण. आता उलट झालं आहे. ज्यांना मधुमेह नाही असे लोक यादीत येताहेत. समरीत ‘एन/के/सी/ओ डीएम, एचटीएन’ असं लिहिलेलं आहे, म्हणजे हे आजार नाहीत. सीटेक्सला नकार कळतो असं वाचलं होतं. मग हा का कळत नाही?

सूरसागर_टर्मिनल | बुधवार, रात्री ११:२०

यात तीन गोष्टी गुंतल्या आहेत, एकेक सोडवू.

पहिली तुमच्या ग्रेपची. नकार कळल्यावर सीटेक्स आजार गाळत नाही. आजाराच्या उल्लेखावर पोलॅरिटी नावाची खूण लावतं: आहे तर १, नाही तर उणे १. एक्सएमआयमध्ये ही खूण एका घटकावर आणि यूएमएलएसचा क्रमांक दुसऱ्या घटकात असतो, दोन्ही आयडीने जोडलेले. नुसता क्रमांक ग्रेप केला की ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही सापडतात. ग्रेप इथे पुरत नाही, जोडी जुळवणारी वीस-पंचवीस ओळींची पायथन स्क्रिप्ट लागेल. मी पाठवतो. तिच्यात सब्जेक्ट हाही रकाना वाचतो, कारण ‘मदर डायबेटिक’ लिहिलं असेल तर तिथे कुटुंबातली व्यक्ती अशी खूण यायला हवी.

दुसरी एन/के/सी/ओची. ‘नो हिस्टरी ऑफ’, ‘डिनाइज’ अशा अमेरिकेतल्या डॉक्टरी इंग्रजीवर सीटेक्स शिकलेलं आहे. ‘नॉट अ नोन केस ऑफ’चं हे चार अक्षरी रूप आपल्या वॉर्डांतलं. सेडने त्याचं ‘नो हिस्टरी ऑफ’ करा. पण क्रम सांभाळा. आधी के/सी/ओ बदललंत तर एन/के/सी/ओमधला तुकडा बदलून जाईल आणि मागे एकटा एन उरेल. आधी लांब, मग आखूड.

तिसरी मला तुमच्या फाइली न बघता सुचते आहे. त्या ८० अक्षरांवर तुटलेल्या आहेत का? ओळीच्या मध्येच एंटर? सीटेक्सचा नेहमीचा वाक्यशोधक प्रत्येक ओळीचा शेवट हा वाक्याचा शेवट धरतो. ‘नो हिस्टरी ऑफ’ वरच्या ओळीत आणि ‘डायबेटिस’ खालच्या ओळीत गेलं, की नकार वरच राहतो आणि खाली आजार एकटा उभा. यासाठी बायो नावाचा दुसरा वाक्यशोधक आहे, तो ओळ तुटली म्हणून वाक्य तोडत नाही. तो वापरायला स्वतःची पायपर फाइल, म्हणजे पाइपलाइनच्या पायऱ्यांची यादी, लिहावी लागेल. साधी टेक्स्ट फाइल असते: लोड, अ‍ॅड, सेट अशा ओळी, वरून खाली त्याच क्रमाने पायऱ्या चालतात. मग क्लिनिकल पाइपलाइनऐवजी पायपर फाइल चालवणारी स्क्रिप्ट वापरायची आणि डॅश-पी देऊन तुमची फाइल सांगायची. तिच्यात शेवटी राइटएचटीएमएल अशी ओळ घाला. ब्राउझरमध्ये समरी उघडून काय पकडलं ते डोळ्यांनी बघता येतं.

रावपुरा_रेकॉर्ड | गुरुवार, सकाळी ६:५५

हो, तुटलेल्या आहेत! २ वर्षांपूर्वीपर्यंत डॉट मॅट्रिक्सवर छापायचो, कागदाच्या रुंदीसाठी सॉफ्टवेअर आपोआप एंटर टाकायचं.

दांडियाबाजार_निवृत्त | गुरुवार, सकाळी ११:३०

मुली, तुझा धागा माझ्या नातवाने वाचून दाखवला. संगणकातलं मला काही कळत नाही, पण ३४ वर्षं मी रुग्णालयात केस पेपर लिहिले आणि टाइप केले. डॉक्टर लिहितात कसं, ते सांगू शकतो.

आधी कागदावर डीएम लिहून त्याच्यावर गोलात अधिक किंवा गोलात उणे काढायचे. टाइपरायटरवर गोल येत नसे, म्हणून आम्ही पुढे नुसतं अधिक-उणे मारायचो. ‘डीएम+ एचटीएन-’. तीच सवय कॉम्प्युटरवर आली. तुझ्या फाइलींत हे नक्की असणार. पण सांभाळ. काही डॉक्टर ‘डीएम-२’ लिहितात. ती रेघ उणे नाही, टाइप दोनची आहे.

दुसरं, पेशंट जे बोलतो तेच घाईत लिहिलं जातं. रात्री एक वाजता दाखल झालेल्या माणसाचा ज्युनियर डॉक्टर ‘शुगर सिन्स १० इयर्स’ एवढंच लिहितो. ताप म्हणून इंग्रजी अक्षरांत ‘ताव’, जुलाबाला ‘झाडा’, खोकल्याला ‘उधरस’. पेशंट गुजरातीत बोलतो, डॉक्टर इंग्रजीत लिहितो, मी मराठी माणूस टाइप करतो. तिघांच्या मधून जे उतरतं ते त्या कागदावर असतं. डायबेटिसचं स्पेलिंगच मी चार प्रकारे टाइप केलेलं आहे, कारण समोर जसं लिहिलं होतं तसंच उतरवायचं अशी आम्हाला सूचना होती.

या गावाला हे नवं नाही. राज्यकारभाराचा एक शब्द आठ भाषांत काय म्हणतात याचा कोश सयाजीराव महाराजांनी करवून घेतला होता, १९३१ साली तो छापला. मामलतदाराच्या कचेरीत एकाच गोष्टीला दहा शब्द चालले तर रयतेचं काम अडतं, हे त्यांनी ओळखलं होतं. तुझ्या त्या यूएमएलएसबद्दल नातवाने सांगितलं तेव्हा मला तो कोश आठवला.

रावपुरा_रेकॉर्ड | गुरुवार, रात्री ९:३०

काका, तुमचे उपकार कसे मानू. ‘डीएम-२’चं कुणी सांगितलं नसतं तर मी उणे म्हणजे नाही असा नियम लिहून मोकळी झाले असते, आणि नेमके टाइप २ वाले सगळे गळाले असते. आता सेडच्या फाइलीत सगळ्यांत वर ‘डीएम-२’ आणि ‘डीएम टू’चे नियम आहेत, मग अधिकवाले, मग उणेवाले, शेवटी साधं डीएम.

तुमच्या पत्रावरून एक केलं. सगळ्या समऱ्यांतला मजकूर एकेक शब्द एका ओळीवर असा फोडला, सॉर्ट केला, युनिक कमांडला कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजायला सांगितलं, पुन्हा आकड्याने उलटा सॉर्ट केला. सबंध संध्याकाळ ती यादी वाचत बसले. ‘डायबेटिस’ची मला सहा रूपं सापडली.

सूरसागर_टर्मिनल | गुरुवार, रात्री १०:१०

ही यादी जपून ठेवा, ती सोन्याची आहे. स्थानिक शब्दांसाठी सेडची गरज नाही. सीटेक्सला स्वतःचा छोटा कोश जोडता येतो: साध्या फाइलीत प्रत्येक ओळीवर यूएमएलएसचा क्रमांक, मग उभी रेघ, मग प्रकाराचा (आजार, लक्षण वगैरे) क्रमांक, मग उभी रेघ आणि शब्द. तावसाठी सी००१५९६७, टी१८४. झाडासाठी सी००११९९१, तोच प्रकार. खोकल्याचा सी००१०२००.

एका शब्दाला मात्र हात लावू नका: इंग्रजी अक्षरांतलं ‘पेट’. गुजराती पोट आणि पेट स्कॅन, दोन्ही एकाच स्पेलिंगचे, आणि कोशशोध लहान-मोठं अक्षर बघत नाही.

अलकापुरी_फिजिशियन | शुक्रवार, सकाळी ७:३०

औषधांवरूनही शोधा. निदानात मधुमेह लिहायचा राहून गेलेला असतो, पण औषधांत इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिन असतं. सीटेक्सच्या कोशात औषधांची नावं आरएक्सनॉर्म या औषधांच्या यादीतून येतात आणि ती यादी अमेरिकेतल्या औषधांची आहे. आपल्याकडच्या ग्लायकोमेटसारख्या (मेटफॉर्मिनचं इथलं नाव) नावांची जोड तुमच्या छोट्या कोशात स्वतः द्यावी लागेल. भारत २०१४ पासून स्नोमेड या वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य आहे, त्यामुळे तिचा स्नोमेड सीटी हा संज्ञाकोश इथे विनामूल्य वापरता येतो. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतलं राष्ट्रीय केंद्र तो देतं, आणि भारतीय औषधांचा विस्तारही तिथेच मिळतो.

एकट्या मेटफॉर्मिनवरून मात्र निदान ठरवू नका, पीसीओएस या बीजकोशाच्या विकारातही ते देतात. अशा तरुण मुलींची वेगळी यादी करून मॅडमना दाखवा. एचबीएवनसीचा, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेच्या तपासणीचा, आकडा ग्रेपने सहज निघतो. साडेसहा टक्के किंवा वर असेल तर निदानाच्या जागी काहीही लिहिलेलं असो, ती समरी बाजूला काढा.

आणि तुमचं काम कशासाठी आहे ते विसरू नका. शोधनिबंध असता तर चुकीचं एक नावही मी खपवून घेतलं नसतं. इथे चुकीचं नाव आलं तर एक फोन वाया जाईल. खरं नाव राहिलं तर त्या माणसाच्या तळव्याची जखम त्याला कळणारच नाही, कारण संवेदना गेलेली असते. जिथे शंका तिथे नाव यादीत घ्या.

मकरपुरा_जीआयडीसी | शुक्रवार, दुपारी २:००

यादीवर विसंबण्याआधी शंभर समऱ्या शफ या यादी पिसणाऱ्या कमांडने आंधळेपणाने निवडा आणि हाताने वाचा. आमच्याकडे माल असाच तपासतात. आलेल्या फाइली आणि निघालेल्या फाइली यांची संख्याही जुळवा.

रावपुरा_रेकॉर्ड | रविवार, रात्री ९:१५

संख्या जुळत नव्हती. काही फाइली रिकाम्या होत्या, शून्य बाइट. त्या रुग्णांचे कागद गोदामातून काढायला सांगितले आहेत.

शंभर समऱ्या काल आणि आज मिळून वाचल्या. अर्ध्या मी, अर्ध्या काकांनी. त्यांच्या घरी गेले होते, नाव-पत्ते झाकून छापून नेल्या, त्याला मॅडमची परवानगी घेतली होती. काका चष्मा लावून पेन्सिलने खूण करत होते आणि मी लॅपटॉपवरच्या निकालाशी ताडत होते. दोन जागी आम्ही आणि मशीन वेगळं म्हणालो. एकीत ‘नो डीएम मेडिसिन टेकन सिन्स १ मंथ’ होतं. मशीनने मधुमेह नाही असं धरलं. माणसाला मधुमेह आहे, त्याने औषध सोडलं आहे. काका म्हणाले, याला तर सगळ्यांत आधी फोन कर. डॉक्टरांनी म्हटलं तसं आता ‘नो’च्या पुढे औषध आलं की ती समरी वेगळ्या यादीत जाते आणि मी वाचते. दुसरीत रुग्णाच्या बायकोचा मधुमेह त्याच्या नावावर लागला होता, तो फोन वाया गेला तरी चालेल.

सेडची फाइल, पायपर फाइल आणि छोटा कोश हे तिन्ही गिटमध्ये (फाइलींतले बदल जपणारं साधन) ठेवलं आहे. रुग्णांचा एक शब्दही त्यात नाही, कुणाला हवं असेल तर मागा.

पादऱ्याच्या आजोबांकडे फोन केला. सुनेने उचलला. म्हणाली, शनिवारी घेऊन येते, बस किती वाजता सुटते ते विचारून ठेवते.

अलकापुरी_फिजिशियन | रविवार, रात्री ९:५०

मॅडमना माझा निरोप द्या. तळव्याची संवेदना तपासायचं १० ग्रॅमचं मोनोफिलामेंट (टोचून बघायचा नायलॉनचा तंतू) दहाएक रुग्णांनंतर थकतं, मग त्याला २४ तास विश्रांती द्यावी लागते. यादी वाढली आहे, तेव्हा जास्तीची मागवून ठेवा.